परदेशी पत्रकाराची पेटी: छायाचित्रे आणि स्मृतिवस्तू अभिलेखागारात कशा जपाव्यात

परदेशात बातमीदारी केलेल्या पत्रकाराचे सामान त्याच्या पश्चात अभिलेखागारात येते, तेव्हा ते बहुधा चामडी सुटकेसमध्ये, बुटांच्या खोक्यांत किंवा पत्र्याच्या ट्रंकेत कसेबसे बसवलेले असते, आणि ते पाहिल्यावर कोणाचेही हात आवराआवरीसाठी शिवशिवतात. पहिल्या दिवशी नेमके तेच करायचे नाही. झाकण उघडल्यावर पेटी जशी आहे तशी वरून कॅमेऱ्यात टिपावी, मग वरचा थर उचलून खालचा टिपावा, आणि असे करत तळापर्यंत जावे. कोणते पाकीट कोणत्या पाकिटात होते, कोणता गठ्ठा कशाने बांधला होता, झाकणाच्या आतल्या बाजूला काही लिहिले होते का, हे सगळे त्याच वेळी वहीत पेन्सिलीने उतरवून घ्यावे. या कामात अख्खा दिवस गेला तरी तो वाया गेला असे समजू नये, कारण हा क्रम एकदा मोडला की तो पुन्हा खात्रीने जुळवता येत नाही.

क्रमाला एवढे महत्त्व का द्यायचे, हे स्पेनमधल्या एका फोटोवरून चांगले कळते. 1936 च्या वसंत ऋतूत एस्त्रेमादुरा प्रांतातल्या एका सभेत डेव्हिड सेमूर यांनी, म्हणजे सगळे ज्यांना ‘चिम’ म्हणत त्या पोलिश छायाचित्रकाराने, गर्दीत उभी राहून बाळाला अंगावर पाजणाऱ्या एका स्त्रीचे छायाचित्र काढले. तिची नजर वर लागलेली आहे. पुढे हे चित्र एकटेच छापले जाऊ लागले आणि ती बाई डोक्यावरच्या बॉम्बफेकी विमानांकडे भेदरून पाहते आहे, असा अर्थ त्याला चिकटला. वस्तुस्थिती अशी की यादवी युद्धाला त्या वर्षीच्या जुलैत तोंड फुटले आणि हा फोटो त्याच्या आधीचा आहे; सभा जमिनीच्या फेरवाटपाची होती आणि बाई उंचावर उभ्या असलेल्या वक्त्याचे बोलणे ऐकत होती. त्याच सभेत काढलेल्या बाकीच्या चौकटी, म्हणजे रिळावरची इतर चित्रे, शेजारी ठेवल्या की याबद्दल शंका उरत नाही, आणि त्या नसत्या तर केवळ त्या एका कागदाकडे पाहून हे कोणालाही सांगता आले नसते.

चिम, हंगेरीत जन्मलेले रॉबर्ट कापा आणि जर्मनीतून परागंदा झालेल्या गेर्डा टारो, या तिघांच्या स्पेनमधल्या निगेटिव्ह्ज दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पॅरिसमधून नाहीशा झाल्या होत्या. कापांची डार्करूम सांभाळणाऱ्या चिकी वाइस यांनी त्या पाठीवरच्या पिशवीत भरून सायकलने बोर्दोच्या दिशेने नेल्या, आणि त्यानंतर त्या कुठे गेल्या हे कित्येक दशके कोणाला ठाऊक नव्हते. अखेर त्या मेक्सिको सिटीत सापडल्या आणि डिसेंबर 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी या संस्थेत पोचल्या. सुमारे 4,500 निगेटिव्ह्ज, 126 रिळे आणि तीन खोकी असा तो ऐवज होता. खोक्यांमध्ये मिठाईच्या डब्यासारखे चौकोनी कप्पे पाडलेले होते आणि कोणत्या कप्प्यात कोणता विषय आहे, याची हाताने लिहिलेली यादी झाकणाच्या आत होती. ही यादी आणि रिळांचा क्रम शाबूत राहिला म्हणूनच, आजवर कापांच्या नावावर खपलेली काही चित्रे टारो यांची आहेत, हे अभ्यासकांना दाखवता आले. टारो जुलै 1937 मध्ये ब्रुनेतेच्या लढाईत मरण पावल्या होत्या, त्यामुळे स्वतःचे श्रेय सांगायला त्या नव्हत्या; ते काम झाकणांनी आणि रिळांनी केले.

मराठी वाचकाला हे तत्त्व नवे वाटू नये. पेशवे दप्तरातला कागद कोणत्या रुमालातला, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातला, आहे, हे सांगितल्याशिवाय आपल्याकडचा अभ्यासक त्यावर भरवसा ठेवत नाही. छायाचित्रांच्या बाबतीत मात्र हीच शिस्त आपण सहज विसरतो, कारण चित्र स्वतःच सगळे सांगते असा आपला समज असतो.

सामान ताब्यात घेताना

वस्तू देणाऱ्या कुटुंबीयांशी पहिल्याच भेटीत निवांत बसून बोलावे आणि त्यांच्या संमतीने ते संभाषण ध्वनिमुद्रित करावे. पत्रकार कोणत्या वर्षी कुठे होता, हे सामान आजवर कोणत्या घरात आणि कोणत्या खोलीत होते, मधल्या काळात कोणी त्यातले काही वेगळे काढले, फेकले किंवा कोणाला दिले का, अल्बम पत्रकाराने स्वतः लावले की नंतर मुलांनी, असे प्रश्न विचारावेत. शेवटचा प्रश्न कुटुंबीयांना किरकोळ वाटतो, पण अल्बममधल्या मजकुराला किती वजन द्यायचे हे त्यावर ठरते. आजोबांच्या फोटोंखाली नातवाने चाळीस वर्षांनी आठवणीतून लिहिलेली नावे उपयोगी असतात. मात्र ती नातवाची म्हणूनच नोंदवावी लागतात.

त्यानंतर दानपत्र करावे. दानपत्रात तीन गोष्टी स्वतंत्रपणे लिहिलेल्या असाव्यात: वस्तूंची मालकी कोणाकडे गेली, प्रसिद्धीचे हक्क (कॉपीराइट) कोणाकडे राहिले, आणि संस्थेला नको असलेल्या वस्तूंचे काय करायचे. पहिल्या दोन गोष्टी एकच आहेत असे बहुतेकांना वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे उदाहरण घेऊ. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या या छायाचित्रकार स्त्रीने 1946 साली पुण्यात, चरख्याशेजारी बसून वाचत असलेल्या गांधीजींचे ते प्रसिद्ध चित्र काढले. त्यांचे कागदपत्र अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत; पण ‘लाइफ’च्या नोकरीत काढलेल्या चित्रांचे हक्क कंपनीकडे गेले, त्यामुळे कागद एकाकडे आणि हक्क दुसऱ्याकडे अशी स्थिती झाली. नोकरीतल्या पत्रकाराच्या बाबतीत हे नेहमीचेच असते. म्हणून संग्रहातली कोणती चित्रे नेमणुकीवर काढलेली आहेत, कोणती वृत्तसंस्थेची आहेत, कोणती मित्राने भेट दिलेली आहेत आणि कोणती खरोखर घरगुती आहेत, याची वर्गवारी शक्य तितक्या लवकर करावी. भारतीय कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांचे संरक्षण मिळते, तर ब्रिटनमध्ये ही मुदत 70 वर्षांची आहे. पत्रकार एका देशाचा, छायाचित्रे दुसऱ्या देशातली आणि संस्था तिसऱ्या देशातली असेल, तर वकिलाचा सल्ला घेण्याला पर्याय नाही.

संग्रह भारतात असेल आणि तो पत्रकाराच्या मायदेशी पाठवायचा विचार असेल, तर आणखी एक अडचण लक्षात ठेवावी. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेले, 75 वर्षे किंवा त्याहून जुने हस्तलिखित वा दस्तऐवज पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. स्वातंत्र्याच्या काळातल्या बातमीदाराच्या वह्या आता त्या वयाच्या झाल्या आहेत.

फिल्म: सगळ्यात आधी, सगळ्यात जपून

सामानाचा क्रम टिपून झाल्यावर जी वस्तू सगळ्यात आधी वेगळी काढायची ती म्हणजे फिल्म, कारण संग्रहातली तीच एक वस्तू स्वतःबरोबर शेजाऱ्यांचाही नाश करू शकते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या निगेटिव्ह्ज नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्लास्टिकच्या, असू शकतात. या फिल्मचे उत्पादन 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले, म्हणून त्याआधीची प्रत्येक निगेटिव्ह, उलट पुरावा मिळेपर्यंत, नायट्रेटच आहे असे धरून चालावे. फिल्मच्या कडेला ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ असा इंग्रजी शब्द उमटलेला दिसला तर काम सोपे होते. नायट्रेट बिघडू लागले की आधी पिवळे पडते, मग चिकट होते, त्याला उग्र वास येऊ लागतो, पुढे पट्ट्या एकमेकींत वितळल्यासारख्या जुळतात आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. ते अतिशय ज्वालाग्राही असते. जळण्यासाठी लागणारा प्राणवायू त्याच्याच घटकांतून सुटत असल्यामुळे एकदा पेटले की पाण्याखालीही जळत राहते. ही फिल्म खोलीच्या तापमानाला हवाबंद डब्यात कोंडू नये, उन्हात किंवा दिव्याजवळ ठेवू नये, आणि साध्या कुरिअरने तर मुळीच पाठवू नये. चिकट किंवा भुकटी झालेला माल दिसला तर तो इमारतीतून वेगळा काढून अग्निशमन दलाशी बोलावे. त्या अवस्थेत तो जपण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

नायट्रेटच्या जागी आलेली अॅसिटेट फिल्म सहज पेट घेत नाही, पण तिला वेगळा रोग लागतो. पाकीट उघडताच व्हिनेगरचा, म्हणजे लोणच्याच्या फॅक्टरीत येतो तसा आंबट वास आला, तर फिल्मचा पाया, म्हणजे तिची प्लास्टिकची पट्टी, विघटित होऊ लागला आहे हे ओळखावे. यातून सुटणारे आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवते आणि शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही ओढते, त्यामुळे वास येणारी पाकिटे तातडीने वेगळ्या खोक्यात हलवावीत. अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथील इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटने यासाठी रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या तयार केल्या आहेत; निळी पट्टी हिरवी आणि मग पिवळी होत जाते, तसतसा धोका वाढलेला असतो. नाकाला वास कळतो तोवर उशीर झालेला असू शकतो, म्हणून मोठ्या संग्रहात या पट्ट्यांवर केलेला खर्च सत्कारणी लागतो.

नायट्रेट असो वा अॅसिटेट, दोन्हींवरचा खरा उपाय थंडी हाच आहे. पट्ट्या कागदी पाकिटात, ती पाकिटे पुठ्ठ्याच्या खोक्यात, ते खोके आर्द्रता दाखवणाऱ्या कार्डासह दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत, आणि सगळे मिळून शून्याखालच्या तापमानाच्या, फक्त याच कामासाठी ठेवलेल्या फ्रीजरमध्ये, अशी मांडणी लहान संस्थेलाही परवडते. बाहेर काढताना पिशवी लगेच उघडू नये. ती बंद स्थितीत खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, साधारण एक दिवस, तशीच राहू द्यावी, नाहीतर फिल्मवर दव साचते. थंडीत ठेवण्याआधी स्कॅनिंग करून घ्यावे, म्हणजे पुन्हा पुन्हा काढण्याची वेळ येत नाही.

घट्ट गुंडाळलेले जुने रीळ जोर लावून उलगडू नये, कारण त्याचा पायाच ठिसूळ झालेला असतो आणि ते बिस्किटासारखे तुटते. काचेच्या प्लेटा लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात, प्रत्येक प्लेट चारही बाजूंनी दुमडणाऱ्या कागदी वेष्टनात गुंडाळावी, आणि फुटलेली प्लेट मात्र पुठ्ठ्यावर आडवी ठेवून तिचे सगळे तुकडे, अगदी कपचीसुद्धा, एकत्र सांभाळावेत.

छापील फोटो आणि त्यांची पाठ

पत्रकाराच्या संग्रहातल्या छापील फोटोची मागची बाजू कित्येकदा पुढच्या बाजूपेक्षा जास्त बोलते. तिथे वृत्तसंस्थेचा शिक्का असतो, टंकलिखित मजकुराची चिकटवलेली चिठ्ठी असते, ‘दोन कॉलम’ अशा स्वरूपाची संपादकाची सूचना असते, सेन्सॉरची मोहोर असते. पुढच्या बाजूवर मेणाच्या पेन्सिलीने ओढलेल्या कापणीच्या रेघा किंवा पांढऱ्या रंगाने झाकलेला भाग असतो. हे सगळे मळ समजून पुसण्याचा मोह टाळावा. काय छापले आणि काय गाळले, याचा दुसरा पुरावा बहुधा कुठेही उरलेला नसतो. तारखेचा शिक्का वाचताना एक सावधगिरी ठेवावी: तो बऱ्याचदा फोटो काढल्याचा नसून कार्यालयात पोचल्याचा किंवा छापल्याचा असतो, आणि विमानटपालाच्या काळात या दोन्हींत आठवड्यांचे अंतर पडत असे.

मथळ्याची, म्हणजे फोटोखाली छापायच्या ओळीची, चिठ्ठीसुद्धा आंधळेपणाने नकलून घेऊ नये. गांधीजींच्या त्या चरख्याच्या चित्राबद्दल लिहिताना येरवड्याच्या तुरुंगाचा उल्लेख अनेकदा येतो. गांधीजी 1932 आणि 1933 मध्ये येरवड्याला होते आणि तिथे सूत कातत होते, हे खरे. पण चित्र 1946 चे आहे आणि तेव्हा ते कैदेत नव्हते. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या गेल्या की घाईत वाचणारा त्यांची तिसरी, खोटी गोष्ट करतो. म्हणून सूचीत मूळ मथळा अवतरणचिन्हांत जसाच्या तसा द्यावा आणि सूचीकाराची दुरुस्ती त्याखाली चौकटी कंसात, तारखेसह लिहावी. गावांच्या नावांबाबतही असेच करावे: मूळ चिठ्ठीत ‘पूना’ किंवा ‘पेकिंग’ असेल तर ते राहू द्यावे आणि आजचे नाव जोडावे, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्ही मार्गांनी पोचता येईल.

नेहमीच्या देखभालीबद्दल थोडक्यात सांगता येईल. फोटो आणि निगेटिव्ह नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घालून, कडेने धरावेत. चित्रफितींत दिसणारे पांढरे सुती हातमोजे रुबाबदार दिसतात, पण त्यांनी पकड सैल होते आणि फाटक्या कडांत धागे अडकतात. कागदपत्रांसाठी धुऊन कोरडे केलेले हात पुरेसे असतात. रबरबँड, टाचण्या आणि गंजलेले स्टेपल काढावेत, आणि कोणत्या टाचणीने काय काय जोडलेले होते ते काढण्यापूर्वी नोंदवावे. क्रमांक मऊ पेन्सिलीने, फोटोच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात, अगदी हलक्या हाताने लिहावा; प्लास्टिकचा थर असलेल्या नव्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे तो वेष्टनावर लिहावा. वेष्टनासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत, कारण त्यांतून निघणारे वायू फोटोला मारक ठरतात; पॉलिएस्टरचे कव्हर किंवा छायाचित्रांसाठीची आयएसओ 18916 ही चाचणी उत्तीर्ण झालेला कागद घ्यावा. लॅमिनेशन कोणत्याही कारणाने करू नये. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकट स्कॅन करून संवर्धकाकडे द्यावा. अल्बम फोडू नयेत. चिकट पानांचे अल्बम हानिकारक असले तरी आधी प्रत्येक पान पूर्ण टिपून घ्यावे आणि मगच सुटणारे फोटो सोडवावेत.

वर्तमानपत्रांची कात्रणे फोटोंबरोबर एका पाकिटात राहू देऊ नयेत, कारण त्यांच्या स्वस्त कागदातले आम्ल फोटोवर तपकिरी डाग पाडते. कात्रणांच्या प्रती चांगल्या कागदावर काढून त्या फोटोंशेजारी ठेवाव्यात आणि मूळ कात्रणे वेगळ्या फायलीत न्यावीत, दोन्हीकडे एकमेकांचा क्रमांक देऊन. 1980 आणि 1990 च्या दशकांतल्या पत्रकारांच्या फायलींत गुळगुळीत फॅक्स कागद हमखास सापडतो. त्यावरची अक्षरे उडून जातात, म्हणून त्याची प्रत त्याच आठवड्यात काढावी.

वहीशिवाय फोटो मुका

छायाचित्रांची ओळख पटवण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे पत्रकाराची खिशातली वही. गॅरेथ जोन्स हे वेल्सचे पत्रकार मार्च 1933 मध्ये सोव्हिएत युक्रेनमधल्या खारकीव्हच्या परिसरातल्या खेड्यांतून पायी फिरले आणि तिथल्या दुष्काळाची हकीकत त्यांनी जगाला स्वतःच्या नावानिशी सांगितली, तेव्हा मॉस्कोतल्या काही नामांकित वार्ताहरांनी त्यांना खोटे पाडण्याचा प्रयत्न केला. जोन्स 1935 च्या ऑगस्टमध्ये, तिसावा वाढदिवस उद्यावर आलेला असताना, चीनच्या उत्तरेकडच्या इनर मंगोलियात मारले गेले. त्यांच्या वह्या मात्र बॅरी गावातल्या कुटुंबाने सांभाळल्या, आणि आज त्या अॅबरिस्टविथ येथील नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये आहेत. 2009 मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात, म्हणजे जिथे ते शिकले तिथेच, त्यातल्या काही मांडल्या गेल्या होत्या. शेतकऱ्यांचे शब्द त्या वेळी, त्या ठिकाणी उतरवलेले असल्यामुळे त्या वह्यांना पुराव्याची किंमत आली. कुटुंबातल्या कोणी ‘हे गिचमिड अक्षर कोण वाचणार’ म्हणून त्या रद्दीत घातल्या असत्या, तर छापील लेखांचे समर्थन करायला मूळ टिपणच उरले नसते.

म्हणून वह्या, तारांच्या कार्बन प्रती, प्रवासखर्चाची बिले, हॉटेलांच्या पावत्या, विमानाच्या तिकिटांचे उरलेले तुकडे हे सगळे ठेवावे. यातून आधी दिवसवार प्रवासाचा तक्ता तयार करावा आणि मगच फोटोंना तारखा लावायला घ्याव्यात. उलट क्रमाने गेल्यास, म्हणजे फोटोवरून अंदाजाने तारीख ठरवून वहीत पुष्टी शोधल्यास, माणूस आपल्याला हवे तेच वाचतो. संपर्कप्रती, म्हणजे एका कागदावर छापलेल्या संपूर्ण रिळाच्या छोट्या चौकटी, हाताशी असतील तर चौकटींचे क्रमांक वहीतल्या दिवसाशी जोडावेत आणि तांबड्या पेन्सिलीने निवडलेल्या चौकटी सूचीत तशा दाखवाव्यात.

स्मृतिवस्तू

टंकलेखन यंत्र, कॅमेरा, पत्रकार ओळखपत्र, पासपोर्ट, बाहूवर बांधायची पट्टी, हेल्मेट, पदक, कोणी भेट दिलेली शाल, अशा वस्तू कागदांपेक्षा जास्त जागा खातात, आणि लहान अभिलेखागाराने त्या सगळ्या घेण्याचे बंधन स्वतःवर घालून घेऊ नये. माझा निकष असा आहे की वस्तू संग्रहातल्या एखाद्या कागदाशी किंवा फोटोशी बोलत असेल तर घ्यावी. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक एखाद्या बिलात असेल, शाल एखाद्या फोटोत खांद्यावर दिसत असेल, तर ती वस्तू दस्तऐवज ठरते. नाहीतर ती एक जुनी शाल असते आणि कुटुंबाच्या कपाटात जास्त सुखात राहते.

कॅमेरा आला की त्यातली बॅटरी आधी काढावी, पण मागचे झाकण उघडू नये, कारण आत न धुतलेले रीळ असू शकते. गुंडाळण्याचा खुंटा हलक्या हाताने फिरवून ताण लागतो का ते पाहावे आणि लागल्यास कॅमेरा तसाच प्रयोगशाळेकडे न्यावा. टंकलेखन यंत्राची फीत बदलू नये, तिच्यावर शेवटच्या मजकुराची अक्षरे उमटलेली राहू शकतात. पितळी किंवा चांदीच्या पदकाला चिंच, राख किंवा पॉलिश लावून चकाकी आणू नये. कपडे धुऊ नयेत. युद्धभूमीवरच्या बुटाला लागलेली मातीसुद्धा वस्तूचाच भाग आहे. चामड्याची तांबूस भुकटी झडत असेल तर तेल चोळू नये, आम्लरहित कागदात गुंडाळून वेगळे ठेवावे. पासपोर्टातले शिक्के प्रवासाच्या तक्त्यासाठी लगेच वाचून घ्यावेत. आणि युद्धवार्ताहराच्या ट्रंकेत काडतूस, गोळ्याचे कवच किंवा हातबॉम्बसारखे काही सापडले, तर ते रिकामे आहे असे कुटुंबाने कितीही खात्रीने सांगितले तरी हात न लावता पोलिसांना बोलवावे.

लोकरी, लाकडी आणि चामडी वस्तू संग्रहात आणण्यापूर्वी काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून कसर किंवा वाळवी नाही याची खात्री करावी. डांबरगोळ्या वापरू नयेत. त्यांची वाफ माणसांना आणि वस्तूंना दोघांनाही अपायकारक असते.

जागा आणि पावसाळा

युरोपातल्या पुस्तिकांत दिलेली 30 ते 50 टक्के आर्द्रता कोकणपट्टीत जुलै महिन्यात गाठणे अवघड आहे, आणि दिवसा वातानुकूलन चालवून रात्री बंद करण्याची आपल्या कार्यालयांतली पद्धत तर घातक आहे, कारण रोजच्या चढउतारांनी फोटोचा थर ताणला जाऊन तडकतो. चोवीस तास स्थिर राहील अशी थोडी कमी चांगली स्थिती, आठ तासांच्या उत्तम स्थितीपेक्षा बरी. खोली इमारतीच्या मधल्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीला न लागणारी, पाण्याच्या नळापासून दूर असावी. तळघर आणि पोटमाळा दोन्ही टाळावेत. खालचा खण जमिनीपासून वीतभर तरी वर असावा. बुरशी दिसलीच तर ती ओल्या फडक्याने पुसू नये, त्याने ती थरात जिरते; वस्तू वेगळी करून, कोरडी होऊ देऊन, मास्क लावून मऊ ब्रशने झटकावी.

स्कॅन, सूची आणि नावे

स्कॅनिंगच्या बाबतीत फार बोलण्याची गरज नाही. मूळ फाइल टिफ स्वरूपात, न कापता, रंगपट्टी शेजारी ठेवून करावी. छापील फोटोसाठी इंचाला 600 आणि 35 मिलिमीटर निगेटिव्हसाठी इंचाला 3,000 ते 4,000 ठिपके पुरतात. पाठीमागे काही असेल तर तीही स्कॅन करावी. फाइलच्या नावात वर्णन न घालता नोंदणी क्रमांक घालावा, आणि तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात, ठेवावी.

सूची करताना संपूर्ण संग्रह, त्यातल्या मालिका, मालिकेतल्या फायली आणि मग सुटे नग, अशा उतरत्या पायऱ्यांनी जावे. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेचे वर्णनाचे मानक याच पद्धतीचे आहे. पत्रकाराने स्वतः फोटो देशवार लावले असतील तर आपण ते विषयवार करू नयेत. लहान संस्थेला हजारो फोटोंचे एकेक वर्णन लिहिणे झेपत नाही. फाइलच्या पातळीवर नीट केलेली सूची दोन महिन्यांत वाचकांसमोर येऊ शकते, तर नगवार सूचीचा संकल्प दहा वर्षे कपाटात पडून राहतो.

एका बाबतीत मात्र नगवार कष्ट घ्यावेतच, आणि ती म्हणजे स्थानिक माणसांची नावे. परदेशी पत्रकाराला दुभाषा लागतो, वाहनचालक लागतो, ओळखी करून देणारा कोणी लागतो, फिल्म धुणारा लागतो. मथळ्यांत ही माणसे ‘एक स्थानिक’ एवढीच उरतात, पण वह्यांत आणि खर्चाच्या बिलांत त्यांची नावे असतात. चिकी वाइस यांनी सायकल हाणली नसती, तर त्या 126 रिळांपैकी एकही वाचले नसते. म्हणून दुभाषे आणि मदतनीस यांची स्वतंत्र नामसूची करावी.

याच नावांमुळे काही फायली बंदही ठेवाव्या लागतात. पत्रकाराला गुप्तपणे माहिती देणारा माणूस किंवा त्याचे कुटुंबीय आजही त्याच राजवटीत राहत असतील, तर वही खुली करणे त्यांच्या जिवावर बेतू शकते. पत्रकाराने कोणाला शब्द दिला होता का, हे कुटुंबीयांना आणि जुन्या सहकाऱ्यांना विचारावे, बंदीची मुदत ठरवून ती दानपत्रात लिहावी, आणि सूचीत फाइलचे अस्तित्व न लपवता फक्त आतला मजकूर रोखावा. मृतांचे, जखमींचे आणि लहान मुलांचे फोटो अभिलेखागाराच्या वाचनालयात दाखवणे आणि ते इंटरनेटवर टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दुसरीसाठी प्रत्येक चित्राचा वेगळा विचार करावा.

खोकी कपाटात गेल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक खोके उघडून वास घ्यावा, पट्टीचा रंग आणि आर्द्रतेचे कार्ड पाहावे, कोपऱ्यांत भुसा किंवा पंख पडले आहेत का ते तपासावे, आणि जे दिसले ते तारखेसह झाकणाला लावलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहावे.